दहा?

प्रेस शॉपमध्ये स्क्रॅप बनवायला कुणी येत नाही. माणूस येतो वॉशर बनवायला, ब्रॅकेट बनवायला. पण पत्रा कापला की कडेचा तुकडा खाली पडतोच, आणि सुटताना बघावं तर ड्रम भरलेला! किश्श्यांचंही तसंच आहे. आम्ही काही किस्से करायला भोसरीत जमलो नव्हतो. पोटासाठी पत्रा दाबत होतो. हे आपले कडेचे तुकडे. जरा जपून हाताळा, कडा धारेच्या असतात.

मला सगळे तात्या म्हणतात. शाळेची पायरी चढलो नाही, पॉवर प्रेस मात्र जन्मभर चालवली. आता वय झालं म्हणून शेठनी प्रेसवरून उतरवलं आणि गेटवर स्टूल दिलं. गेटवर बसलं की एक बरं असतं. आत जाणारी माणसं दिसतात आणि बाहेर येणारीही दिसतात. दोन्हींत फरक पडला तर पहिला आपल्यालाच कळतो.

आमच्या शॉपमध्ये सुटताना कुणी 'बाय' म्हणत नाही, 'येतो' म्हणत नाही. गेटवरचा माणूस विचारतो, "दहा?" समोरचा दोन्ही पंजे पुढं करतो, "दहा!" म्हणतो आणि आपल्या वाटेनं जातो. हे कुणी सुरू केलं ते मला ठाऊक नाही, मी लागलो तेव्हापासून आहे. देवळातून निघताना घंटेला हात लावावा, तसं. माणूस कितीही दमलेला असो, सुपरवायझरच्या शिव्या खाल्लेला असो, 'दहा' म्हणताना त्याचा आवाज खणखणीत निघतो!

लातूरकडचा बालाजी नवीन लागला, तेव्हाची गोष्ट. पोरगं गुणी, नाकासमोर चालणारं. पहिल्या दिवशी सुटला आणि घाईघाईनं गेटवर आला.

मी म्हणालो, "दहा?"

त्यानं खिशातून मोबाईल काढला, बघितलं, म्हणाला, "नाही ओ तात्या, सातच वाजालेत की!"

मागची अख्खी लाईन हसली. एक मिलिंद तेवढा हसला नाही. मिलिंद आमचा जुना ऑपरेटर, त्याचा बापही इथंच प्रेसवर होता. त्यानं बालाजीचे दोन्ही हात मनगटाला धरले आणि माझ्यापुढं केले.

"भावा, टाइम ह्याला म्हणतात," तो म्हणाला. "हे आहेत तोवर तुझा टाइम चांगला चाललाय."

* * *

बालाजीनं मग माझे हात बघितले. सगळे नवीन बघतातच. मी नऊवाला आहे. डावा अंगठा प्रेसनं घेतला, तेव्हा मी भर ज्वानीत होतो.

जखम भरल्यावर भरपाईच्या कागदासाठी एका ऑफिसात गेलो. कारकून भला माणूस होता, पण मान वर करायची त्याला सवय नव्हती. कागद पुढं सरकवला आणि म्हणाला, "सही करा."

"साहेब, सही न्हाई येत. अडाणी हाय."

"मग डावा अंगठा लावा." शाईचा पॅड पुढं सरकवला.

मी म्हणालो, "साहेब, तो लावता आला आस्ता तर मी हितं आलोच नस्तो!"

तेव्हा त्यानं मान वर केली. माझा हात बघितला. मग म्हणाला, "उजवा चालेल." आणि पुन्हा मान खाली.

पण माझ्या मनानं घेतलं. राहिलेला अंगठा आता शाईत बुडवायचा नाही, तो जपायचा. कारभारणीला अक्षरं येत होती, तिनं चुलीपुढच्या राखेत माझं नाव काढून दाखवलं. तेवढं एक नाव गिरवत गिरवत शिकलो. ज्या शाळेत बापानं घातलं नाही, त्या शाळेत मला प्रेसनं घातलं!

नावापलीकडं मला अजून वाचता येत नाही. पण मी वाचलो. आमच्या शॉपमध्ये दुसऱ्या वाचण्याला किंमत जास्त.

* * *

खंडेनवमीला आमच्याकडं प्रेसची पूजा असते. मशीन धुवायचं, पुसायचं, हळदीकुंकू, झेंडूची माळ, वर लिंबू. शेठ दरवर्षी तेच भाषण करतात, "हीच आपली लक्ष्मी. हिचे उपकार विसरू नका. हिच्यापुढं हात जोडा." मग सगळे ओळीनं हात जोडतात.

मिलिंदच्या घरी बुद्धवंदना असते, हे पूजेचं काही करत नाहीत. तो आपला बाजूला, हात पाठीमागं बांधून उभा. एका वर्षी शेठचे नवे जावई आले होते. ते जरा चढ्या आवाजात म्हणाले, "काय राव, जिच्यावर पोट भरता तिला साधा नमस्कार नाही?"

मिलिंद म्हणाला, "साहेब, मी हिच्यापुढं हात करत नाही. हाच माझा नमस्कार."

मग कुणीतरी पेढे वाटायला काढले.

* * *

त्यानंतर आल्या प्राजक्ता मॅडम, आमच्या पहिल्या एचआर. आधी तळवड्याला आयटी कंपनीत होत्या. मनानं फार चांगल्या. आमच्यासारख्या जागी का आल्या, कुणालाच कळलं नाही. त्यांनी सुरू केलं 'ग्रॅटिट्यूड सर्कल'. सोमवारी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी सगळ्यांनी गोल उभं राहायचं आणि प्रत्येकानं एका गोष्टीचे आभार मानायचे. मॅडमनी समजावलं, "रोजच्या आयुष्यात खूप चांगलं घडत असतं. आपण ते मोजत नाही."

मोजायचं म्हटल्यावर सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मॅडमना 'दहा'चं अजून कुणी सांगितलं नव्हतं.

पहिला बोलला एक बिहारचा गडी, "कल लाईट गया था, उसका थँक यू." मॅडमना वाटलं थट्टा करतोय. थट्टा नव्हती. लाईट गेली की प्रेस थांबते, आणि पगार कापत नाहीत.

माझी पाळी आली. मी म्हणालो, "सकाळचा चहा गरम व्हता."

"काका, काहीतरी मोठं सांगा ना!"

"मॅडम, आमच्याकडं मोठं कायतरी झालं, की ॲम्ब्युलन्स येते!"

सगळे हसले. मॅडम पण हसल्या. मग बालाजीचा नंबर आला. तो तीन नंबर प्रेसवर असायचा. तो म्हणाला, "मॅडम, माझ्या प्रेसचा सेन्सर चालू असता तर त्याचे आभार मानलो असतो."

हे जरा समजून घ्या, पुढं लागणार आहे. प्रेसच्या तोंडाशी सेन्सर असतो. हात आत असला की वरचा ठोका तिथंच थांबतो. पण हा तीन नंबरचा सेन्सर उगाचच थांबवायचा. माशी गेली तरी थांबवायचा. प्रॉडक्शन पडायला लागलं, तेव्हा कुणीतरी पाठीमागून एक वायर मारून तो बायपास केला. हात असो नसो, प्रेस चालू. पार्ट बाहेरून यायचाय, असं आम्ही कित्येक महिने ऐकत होतो. हिरवा दिवा मात्र तसाच पेटलेला. बाहेरच्या माणसाला वाटावं, सगळं ठीक आहे.

मॅडमनी वर कळवलं. वरून उत्तर आलं, 'पॉझिटिव्ह राहा.'

* * *

दिवाळी झाल्यावर बालाजीचं स्थळ बघायला गेलो. त्याला वडील नाहीत, आई गावाकडं. म्हणून वडीलधारा म्हणून मी. मुलगी कुरुळीला राहणारी, अश्विनी नाव. गाड्यांच्या वायरिंगच्या कंपनीत कामाला. बाप तिकडचाच, लातूर-उस्मानाबादकडचा, चाकणला कंपनीत जन्म गेलेला.

आमच्या कारखान्यांच्या बेल्टमध्ये बघण्याच्या कार्यक्रमाला एक नवीनच रीत पडली आहे, राव. पोहे मुलगी आणत नाही, मुलाला आणायला लावतात! "जावईबापू, तेवढा ट्रे आणता का आतून?" असं लाडात म्हणायचं. मुलगा ट्रे घेऊन आला, की सगळी मंडळी त्याच्या तोंडाकडं बघत नाहीत. ट्रेच्या कडांकडं बघतात. चार इकडं, चार तिकडं, वर दोन अंगठे. मग कुठं पोह्यांकडं.

बालाजीनं ट्रे आणला. अश्विनीच्या बापानं सावकाश बघून घेतलं. मग विचारलं, "प्रेसला की सीएनसीला?"

"प्रेसला."

बापाचा चेहरा उतरला. सीएनसीवाल्या मुलाला आमच्याकडं जास्त भाव. त्या मशीनला दार असतं, ते लावल्याशिवाय ती चालत नाही. बाप माझ्याकडं वळला. "तात्या, पोरगं चांगलं हाय. उन्हाळ्यात बार उडवू. तवर तेवढे हात सांभाळा म्हणावं."

हुंडा नाही, मानपान नाही. अट एवढीच!

तेवढ्यात अश्विनी पहिल्यांदा बोलली. "गेटवर दहा-दहा काय करता ओ तुम्ही लोकं? आमच्या लाईनला एकजण सांगत होती."

बालाजीनं पंजे पुढं करून दाखवलं. ती तोंडाला पदर लावून हसली. त्या दिवसापासून रोज सुटायच्या वेळेला बालाजीच्या मोबाईलवर तिचा मेसेज यायचा, 'दहा?' हा गेटवर मला पंजे दाखवायचा आणि तिथंच उभा राहून टाईप करायचा, 'दहा.' दुसरं काही नाही. त्यांचं प्रेम म्हणाल तर एवढंच. पण अख्ख्या शॉपला त्या लग्नाची काळजी लागली. मिलिंद तर येता-जाता ओरडायचा, "बाल्या, हात बाहेर! बोटं तुझी नाहीत आता, कुरुळीची आहेत!"

* * *

प्रेस डबल पडणं म्हणतात आमच्यात. पाय एकदा मारायचा, ठोका दोनदा. पहिल्या ठोक्यानंतर माणूस तयार जॉब, म्हणजे दाबलेला तुकडा, काढायला हात घालतो, आणि दुसरा येतो.

दुपारची वेळ होती. तीन नंबरवरून ओरडल्याचा आवाज आला नाही. प्रेसचा आवाज थांबला, त्यानं आम्हाला कळलं.

मिलिंद पहिला पोचला. बालाजीला दोघांनी बाहेर नेलं, आणि मिलिंद डायपाशी, प्रेसच्या साच्यापाशी, वाकला. त्याला ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं, बोटं ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळायची, पिशवीत घालायची आणि पिशवी बर्फावर ठेवायची. बर्फ रसाच्या गाड्यावरून आणला. ठेवायचं कशात? त्यानं आपला जेवणाचा डबा रिकामा केला. भाजी-पोळी तशीच जमिनीवर.

डबा मांडीवर घेऊन तो रिक्षात बसला. वाटेत सगळीकडं ट्रॅफिक. रिक्षावाला आरशात बघून म्हणाला, "दादा, जेवून घ्या की, वेळ लागंल!"

डॉक्टरनं डबा उघडला, बघितलं आणि बंद केला. चेंगरलेलं जोडता येत नाही म्हणाला. उजव्या हाताची मधली दोन आणि करंगळी.

डबा मिलिंदनं घरी नेला नाही. बायको म्हणाली, "अहो, डबा कुठंय? नवा होता!"

"हरवला," म्हणाला.

"तुम्ही ना! एक वस्तू धड सांभाळता येत नाही तुम्हाला!"

तेव्हापासून मिलिंद पोळ्या कागदात गुंडाळून आणतो.

* * *

दवाखान्यात माणसांची रीघ लागली. आणि जो येईल तो आभार मानायला लावायचा!

शेठ मोसंबी घेऊन आले. म्हणाले, "देवाची कृपा समज, अंगठा वाचला. अंगठा म्हणजे निम्मा हात!"

सुपरवायझर म्हणाला, "पहिलं बोट पण आहे. पेन धरता येईल. लोकांचे अख्खे पंजे जातात, बालाजी!"

शेजारच्या खाटेवरचा म्हणाला, "डावा तर कोरा करकरीत हाय की!"

गावाकडून आई आली होती. ती येईल त्याच्यापुढं हात जोडत होती, "जीव वाचला माझ्या लेकराचा, बाबा, जीव वाचला."

बालाजी सगळ्यांना "हाव, हाव" म्हणत होता. सगळे गेल्यावर मी मोसंबी सोलत बसलो. तो छताकडं बघत म्हणाला, "तात्या, सगळे मला उरलेली मोजून दाखवालेत. गेलेली कुणीच मोजंना."

मी मोसंबी खाली ठेवली. त्याचं बँडेज हातात घेतलं आणि मोजली.

"तीन," म्हणालो.

तेव्हा कुठं पोरगं रडलं.

सुटायच्या वेळेला उशाचा मोबाईल वाजला. मला वाचता येत नाही, पण तो शब्द एव्हाना बघून बघून ओळखीचा झाला होता. शेवटी ते बाकदार प्रश्नाचं चिन्ह. बालाजीनं डाव्या हातानं मोबाईल पालथा घातला.

* * *

त्या सोमवारी सर्कलमध्ये मॅडम नुसत्याच उभ्या राहिल्या. कुणाला काही विचारेनात. मग मिलिंदच पुढं झाला. "मॅडम, आज मी आभार मानतो. तीन नंबरचा सेन्सर चालू झाला, त्याचे."

खरंच झाला होता. बाहेरून यायचा म्हणून ज्या पार्टची वाट बघत होतो, तो मागच्या गल्लीतल्या दुकानात निघाला. आणायला गेलेला माणूस चहा निवायच्या आत परत!

मॅडमनी सर्कल बंद केलं. पण त्या दिवसापासून सुटताना त्या गेटवर थांबतात, पर्स काखेत धरतात आणि दोन्ही पंजे पुढं करतात. नेलपेंट लावलेली दहा! मी मोजून घेतो. त्यांना घाई असली तरी मोजून घेतो.

* * *

उन्हाळ्याच्या तोंडाला कुरुळीहून मला फोन आला. अश्विनीचा बाप. आवाज फार नरम.

"तात्या, वाईट वाटून घिऊ नका. पोरगी अजून लहान हाय."

बघायला गेलो तेव्हा मोठी होती. चार महिन्यांत लहान झाली! मी म्हणालो, "बरं," आणि फोन ठेवला. त्याला तरी काय बोलणार? त्यानं एकच अट घातली होती, ती आमच्याकडून पाळली गेली नव्हती.

बालाजीला सांगितलं. तो म्हणाला, "मेसेज तर आधीच बंद झालेत, तात्या." बापानं तिचा मोबाईल काढून घेतला की तिनंच बंद केले, आम्हाला काही कळलं नाही. मी त्याला विचारलं, "तू एकाला तरी उत्तर दिलं व्हतंस का रं?"

"काय टाकू? दहा टाकू?" तो म्हणाला.



* * *

शेठनी बालाजीला कामावरून काढलं नाही, तेवढं खरं. माझ्या स्टुलाशेजारी दुसरं स्टूल टाकलं. "तात्या थकले, आता हळूहळू तू बघ." सव्विशी-सत्ताविशीचं पोरगं आणि मी, एका दारावर दोन म्हातारे.

पहिल्या दिवशी गेट बंद करताना मी त्याला विचारलं. दहा विचारणं खोटं झालं असतं, म्हणून म्हणालो, "सात?"

तो उजवा हात खिशातच ठेवून सायकलवर बसला.

पण विचारण्याचं काम मात्र त्यानं अंगावर घेतलं, आणि माझ्यापेक्षा नेकीनं करायला लागला. कुणाच्या तोंडाकडं बघायचा नाही. मान खाली, नजर पंज्यांवर. "दहा? जा. दहा? जा." मिलिंद त्याला हसवायला मुद्दाम एक बोट दुमडून दाखवायचा. बालाजी ते सरळ करून घ्यायचा आणि म्हणायचा, "जा." हसायचा नाही. राहिलेल्या हातानं तो सगळ्या शॉपची बोटं मोजत होता, आणि आपली खिशात ठेवत होता.

परवाच्या शनिवारची गोष्ट. शिफ्ट सुटली, लाईन लागली. "दहा? जा. दहा? जा." तेवढ्यात गेटसमोर शेअर रिक्षा थांबली. एक मुलगी उतरली, अंगात कंपनीचा निळा ॲप्रन, ड्यूटीवरून तशीच आलेली. मी ओळखलं. मिलिंदनं पण ओळखलं. मी उठायला लागलो, तर तिनं डोळ्यांनीच मला खाली बसवलं.

ती कुणाशी बोलली नाही. लाईनच्या शेवटी जाऊन उभी राहिली. पुढची पोरं एकेक करून बाहेर पडली, पण घरी कुणीच गेलं नाही. सगळी रस्त्यापलीकडं जाऊन थांबली.

तिचा नंबर आला. तिनं दोन्ही पंजे पुढं केले. वायरी ओढून ओढून बोटांना चिकटपट्ट्या लावलेल्या, मनगटात दोन-दोन बांगड्या. बालाजीची मान खालीच होती. त्यानं बांगड्या बघितल्या. मान वर केली नाही.

"दहा?" तो म्हणाला.

तिनं वाकून त्याचा उजवा हात खिशातून बाहेर काढला आणि त्याचे दोन्ही हात आपल्या पंज्यांशेजारी धरले.

"सतरा," ती म्हणाली.